चौथी हाक

तो मोबाईलचा दिवा आधी बंद करा. डोळ्यांवर येतो. हां, आता बसा.

तासभर ऐकतोय मी तुमचं. संगीतावरचा सगळ्यात चांगला सिनेमा कोणता, कुणाचं पार्श्वसंगीत कुणापेक्षा सरस, कुठल्या प्रसंगाला कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. भांडण छान रंगलंय. मीही जन्मभर साउंडचंच काम केलं. आधी रेकॉर्डिंगच्या खोल्यांत माईक लावले, पुढे सभागृहांत. त्यामुळे सिनेमात कुणी वाद्य वाजवायला लागलं की मला नटाचा चेहरा दिसतच नाही, हात दिसतात. आणि निम्म्यांचे हात भलतीकडेच असतात. ज्या सिनेमापायी हे सगळं घडलं, त्याच्या नायकाने अख्खा सिनेमाभर क्लॅरिनेट उलट्या हातांनी धरलंय. उजवा वर, डावा खाली. त्या भूमिकेसाठी त्याला बक्षीसही मिळालं. आता बोला!

नाव विचारू नका. नाव सांगितलं की तुमच्यातला कुणीतरी लगेच शोधणार, आणि ती धून इथे गच्चीवर वाजणार. मला ती नकोय. तुमच्यापैकी दोघातिघांनी तरी तो पाहिलेला असणार. ओळखलंत तर मनातच ठेवा.

तर सिनेमा असा. रस्त्यावर वाजवणारे दोन मित्र. एक क्लॅरिनेट वाजवतो, दुसरा नुसती शीळ घालतो. दिवसभर पोटामागे दोन दिशांना गेलेले हे दोघं संध्याकाळी एकमेकांना शोधतात ते असे... हा चौकात उभा राहून क्लॅरिनेटवर चार सुरांची हाक मारतो. तो कुठल्यातरी गल्लीतून सात सुरांची शीळ घालून उत्तर देतो. असं तीनदा होतं सिनेमात. शेवटी शीळवाला मरतो. क्लॅरिनेटवाला तरीही चौकात येतो आणि चौथी हाक मारतो. उत्तर येत नाही. पडद्यावर रिकामा चौक, आणि आठ सेकंद आवाज म्हणून नाही. नुसती शांतता. थिएटरात लोक हुंदके द्यायचे त्या आठ सेकंदांना. पार्श्वसंगीतातली सगळ्यात सुंदर शांतता, असं लिहून यायचं.

माझा एक मावसभाऊ होता. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, क्लॅरिनेट वाजवायचा. लहानपणी वाजवताना गाल फुगवायचा म्हणून सगळे त्याला फुग्या म्हणायचे. पुढे शिकवणाऱ्यांनी सवय मोडली, नाव काही मोडलं नाही. अंगाने काडी, नाव फुग्या. वाजवायचा मात्र... काय सांगू. पण नशीब मागच्या रांगेचं. हॉटेलात, समारंभात, रेकॉर्डिंगला, सगळीकडे पाचसहा जणांच्या मागे एक खुर्ची. लोकांना त्याचा आवाज माहीत, तो माहीत नाही. छप्पन्न वर्षांचा झाला तरी त्याला एकट्याने वाजवायला कधी मिळालं नव्हतं.

आणि मग मिळालं. आमच्या सभागृहात जुन्या सिनेमांच्या पार्श्वसंगीताचा कार्यक्रम ठरला, सगळं प्रत्यक्ष वाजवायचं. त्यात ही धून. साउंड माझ्याकडे, क्लॅरिनेट फुग्याकडे. वहिनी, म्हणजे त्याची बायको, सांगायची, महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. भाजी आणायला धाडला तर चार सूर गुणगुणत रिकाम्या हाताने परत यायचा.

कार्यक्रमाच्या आधी कुणीतरी बातमी आणली की मूळ सिनेमात ज्यांनी क्लॅरिनेट वाजवलं ते गृहस्थ हयात आहेत. ऐंशी ओलांडलेत, इथून गाडीने पावणेदोन तासांवर मुलीजवळ राहतात. फुग्याने फोन केला. मुलगी म्हणाली, "या, पण बाबा येतील असं वाटत नाही. त्या विषयावर ते आमच्याशीही बोलत नाहीत." फुग्याला वाटलं, समोर जाऊन बसलं की विरघळतील. कार्यक्रमात पहिल्या रांगेत त्यांना बसवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

शुक्रवार होता. अठरा नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तालीम, संध्याकाळी कार्यक्रम. तो माझ्याकडे गाडी मागायला आला तेव्हा रात्रीचे सव्वानऊ झाले होते. वहिनीचा फोन आला मला, "भावजी, तुम्ही तरी सांगा. म्हातारं माणूस ते, इतक्या रात्री त्यांच्याकडे कशाला जायचं?" मी म्हटलं, जाऊ दे गं, हौस आहे त्याची.

गाडी माझी होती. किल्ली मीच दिली.

पुढचं सगळं त्याने मला सांगितलेलं. जसं सांगितलं तसंच सांगतो.

अकराला पोचला. खाली बंद दुकान, वर दोन खोल्या. मुलगी दाताच्या दवाखान्यात कामाला, दिवसभर दमलेली, पण जागी होती. चहा टाकला तिने. म्हातारा खिडकीपाशी खुर्चीत बसलेला, अंगात दोन स्वेटर. घरात वाद्य नव्हतं. साधा रेडिओसुद्धा नव्हता. सिनेमानंतर त्यांनी वाजवणं सोडलं होतं आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले होते. तिथेच म्हातारे झाले.

फुग्याने आपलं सांगितलं. कार्यक्रम, सभागृह, सहाशे खुर्च्या. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"चौथी वाजवणार आहात?"

"म्हणजे काय काका! लोक तर त्या शांततेसाठीच येतात."

"ती शांतता आधी सिनेमात नव्हती," म्हातारा म्हणाला. "लिहिलेलीच नव्हती. मुळात चौथ्या हाकेलाही उत्तर होतं. दोघं भेटतात आणि सिनेमा संपतो, असं होतं."

मग त्यांनी सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही ते माहीत नव्हतं.

रेकॉर्डिंग रात्री होतं. शीळ घालणारा त्यांचा मित्रच. खऱ्या आयुष्यातला मित्र. त्याची छाती बरेच दिवस घरघरत होती, पण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. काम जाईल म्हणून. दोघं दोन माईकसमोर, मध्ये हातभर अंतर. दिग्दर्शकाला चारही हाका एका दमात हव्या होत्या, न तोडता. पहिली झाली. दुसरी झाली. तिसऱ्या उत्तराला त्याचा सूर कापला.

"त्याने माझ्याकडे बघितलं," म्हातारा म्हणाला, "आणि मान हलवली. नको म्हणून. थांब म्हणून."

"मग?"

"माझा टेक फार चांगला चालला होता हो."

चहा तसाच.

"मी चौथी हाक मारली. त्याने ओठ जुळवले. हवा आली... सूर नाही आला. मग तो खाली बसला. खुर्चीत नाही, जमिनीवर. मी वाट बघत उभा. टेप फिरतेय, बोलता येत नाही. आठ सेकंद उभा होतो मी असा. त्या आठ सेकंदांत तो गेला."

दिग्दर्शकाने ती टेप ऐकली आणि शेवट बदलला. सिनेमातल्या मित्राला मारून टाकलं. शांतता तशीच ठेवली. तुम्ही सिनेमात ऐकता ना, ती तीच.

फुग्या म्हणाला, "काका, तुमचा त्यात काय दोष?"

"दोषाचं सोडा. मी तुम्हाला दुसरंच सांगतोय. माझ्याकडे एकजण शिकायचा. सिनेमा लागला, गाजला, त्या पोराने हौसेने ही हाक बसवली. तीन वाजवल्या, चौथी वाजवली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, मास्तर, खोलीत कुणीतरी ओठ जुळवत होतं. आठ दिवसांत गेला तो. चांगला धडधाकट होता. श्वास संपला त्याचा."

"योगायोग असेल."

"असेल," म्हातारा म्हणाला. "पण त्याला उत्तर द्यायचंय हो. माझ्या मित्राला. राहून गेलंय ते. आणि दम पुरत नाही. मग तो दम आणणार कुठून?"

ते आले नाहीत. निघताना मुलगी जिन्यापर्यंत आली, म्हणाली, "बाबांचं मनावर घेऊ नका. वय झालंय." पण वरून म्हाताऱ्याचा आवाज आला. "तीन वाजवा! चौथी वाजवू नका!"

साडेबाराच्या आत तो निघाला होता. वाटेत रेल्वेचं फाटक लागतं. एक वाजून दहा मिनिटांनी तो तिथे पोचला आणि फाटक बंद होतं. पुढे गाडी नाही, मागे गाडी नाही. दोन्ही बाजूंना शेतं. थंडी होती म्हणून काचा वर केलेल्या. इंजिन बंद केलं.

"दादा, आधी मला हसू आलं," तो मला सांगत होता. "मग राग आला रे. छप्पन्न वर्षांत चार सूर माझ्या एकट्याच्या वाट्याला आले. आणि तेही वाजवू नको म्हणतात! म्हटलं, वाजवून बघू. काय व्हायचं ते इथे होऊ दे, सहाशे माणसांसमोर नको."

वाद्य शेजारच्या सीटवर होतं. म्हाताऱ्याला ऐकवायला नेलेलं. त्याने ते जोडलं. त्याच्या तोंडाची पाती ओली केली. गाडीतच, बसल्या बसल्या, पहिली हाक मारली. उत्तराचे सात सूर मनातल्या मनात मोजले. दुसरी. तिसरी.

मग चौथी.

आणि थांबला. सिनेमात थांबतात तसा.

एक. दोन. तीन.

बाहेर फाटकाचा लाल दिवा. बाकी काळोख.

पाच. सहा.

मागच्या सीटवर आवाज झाला. बारीक. ओठ सुकलेला माणूस ओठ ओले करतो ना... तसा.

मग हवा. नुसती हवा. शीळ घालायला जावं आणि सूर लागू नये, तशी. सुऽऽ... आणि बंद.

त्याच क्षणी त्याच्या छातीतून काहीतरी ओढून नेल्यासारखं झालं. श्वास घ्यायला गेला तर जागाच नाही. तेवढ्यात आगगाडी आली, धाडधाड करत गेली, डब्यांचा उजेड आतून सरकत गेला. त्याने आरशात बघितलं नाही. मी विचारलं, का नाही बघितलंस? म्हणाला, "दिसलं असतं तर?"

फाटक उघडलं. तो निघाला. दीड वाजता माझा फोन वाजला.

"दादा, मागच्या सीटवर तू काही ठेवलंयस का? हवा भरायचा पंप वगैरे?"

"नाही रे. का?"

"काही नाही."

आणि ठेवला त्याने.

सकाळी तालमीच्या आधी त्याने मला सगळं सांगितलं. चेहरा पांढराफटक, जिना चढताना दोनदा थांबला. मी म्हटलं, फुग्या, तीन वाजव आणि सोडून दे. लोकांना कळणारही नाही. तो म्हणाला, "कळेल. चौथी हाकच नसेल तर शांतता कशाची, दादा? आणि मी घाबरलो म्हणून का थांबू? झोप नव्हती मला. भास झाला असेल."

आता मी तुम्हाला माझं सांगतो. फुग्याचं नाही, माझं. मी त्याला अडवू शकलो असतो. संयोजकाला सांगून ती धून काढायला लावली असती. भांडलो असतो, वाद्य लपवलं असतं. नाही केलं. का? कारण मलाही ती शांतता ऐकायची होती. सहाशे माणसांच्या सभागृहात, माझ्या माईकवर. चाळीस वर्षं आवाज पकडला मी. म्हटलं, एकदा शांतता पकडावी.

शनिवारी संध्याकाळी सभागृह भरलं. शीळ घालायला शाळेतल्या एक गणिताच्या बाई होत्या, अप्रतिम घालायच्या. तीन हाका, तीन उत्तरं झाली. ठरल्याप्रमाणे बाईंचा माईक मी बंद केला, आणि त्या पडद्याआड निघूनही गेल्या. मंचावर फुग्या एकटा. वरून एकच दिवा.

त्याने चौथी हाक मारली. मुलांनो, इतकी सुंदर हाक मी मूळ सिनेमातही ऐकली नव्हती.

सभागृह गप्प. कुणी खोकलं नाही. माझ्या कानांवर हेडफोन. उघडा माईक एकच, फुग्याच्या समोरचा.

पाचव्या सेकंदाला त्या माईकवर कुणीतरी श्वास घेतला.

फुग्या नाही. फुग्या मला समोर दिसत होता. तोंड उघडं, वाद्य खाली, छाती आत गेलेली. तो श्वास घेत नव्हता. घ्यायला बघत होता.

मग एक सूर आला. शिळेचा. एकच. बारीक, कापरा... आणि तुटला.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. फुग्या खुर्चीत बसला, आणि लोक उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. आयुष्यात पहिल्यांदा. त्याला उठून मान लववता आली नाही.

त्याच रात्री एक वाजून दहा मिनिटांनी दुसरा सूर आला. त्याच्या झोपायच्या खोलीत, पायांच्या बाजूने. वहिनीला ऐकू आलं नाही. तिला एवढंच दिसलं की नवरा उठून बसला आणि पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तडफडला. रविवारी रात्री तीन सूर. सोमवारी चार. वाद्याला त्याने हात लावला नव्हता. खोकं बंद करून माळ्यावर टाकलं होतं.

"मी हाक मारत नाहीये दादा," तो म्हणायचा. "पण मारलेली परत घेता येत नाही रे."

मंगळवारी त्याला दवाखान्यात हलवलं. फोटो काढले, रक्त तपासलं, नळ्या लावल्या. डॉक्टर बाई तरुण होती, प्रामाणिक होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "फुप्फुसं स्वच्छ आहेत. हवा आत जाते आहे."

"मग?"

"उरत नाही," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तीच गडबडली.

बुधवारी दुपारी मी म्हाताऱ्याला फोन लावला. मुलीने त्यांच्या कानाला दिला. मी म्हटलं, काका, हे थांबवायचं कसं ते सांगा. म्हणाल ते करतो.

"ते मला ठाऊक असतं," म्हातारा म्हणाला, "तर मी चव्वेचाळीस वर्षं मुद्रितं तपासत बसलो असतो का?"

मग त्यांनीच विचारलं.

"किती सूर झाले?"

"काल रात्री पाच."

मग ते म्हणाले, "सातवा लांब आहे. त्याला जास्त दम लागतो."

गुरुवारी रात्री वहिनीला मी जबरदस्तीने घरी पाठवलं. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता तिच्या. जाताना तिने त्याचं पांघरूण सारखं केलं, केसांवरून हात फिरवला, म्हणाली, "सकाळी येते. तुमचा तो निळा सदरा आणते." तो हसला. बोलायला दम नव्हता.

खोलीत आम्ही दोघं. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. गाल असे आत गेलेले, की मला बघवेना. साडेबाराला त्याने मुखवटा बाजूला केला. मी ओरडलो, तर हाताने थांब म्हणाला.

"दादा... एक सांगू?"

"नको बोलू."

"छान घालतो रे तो. रोज... ऐकतोय ना मी. फार छान घालतो."

मी मुखवटा परत लावला. त्याचा हात धरून बसलो.

एक वाजला.

यंत्राची टिकटिक. बाहेर नर्सच्या चपलांचा आवाज. तो लांब गेला.

एक वाजून पाच.

मी परिचारिकेला बोलवायची घंटा हातात घेऊन बसलो होतो. अंगठा बटणावर. म्हटलं, या वेळी दाबायची. काही झालं तरी दाबायची.

सात. आठ.

फुग्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्याच्या मागे बघितलं. आणि मान हलवली.

नको म्हणून.

मागे... ओठ ओले केल्याचा आवाज.

मी वळलो नाही. वळताच आलं नाही. अंगठा बटणावर होता. दाबलाच गेला नाही.

पहिला सूर.

दुसरा.

तिसरा... चौथा... पाचवा...

सहावा.

फुग्याचा हात माझ्या हातात घट्ट झाला.

मग सातवा. लांब. सरळ. कुठे कापला नाही, कुठे तुटला नाही. मी जन्मभर चांगल्या चांगल्यांचे आवाज ऐकलेत. इतका गोड सूर मी ऐकलेला नाही. देव करो आणि पुन्हा ऐकायला न येवो. आणि तो चालू असेपर्यंत... हे मी वहिनीलाही कधी सांगितलं नाही... तो चालू असेपर्यंत मला वाटत होतं, संपू नये.

संपला.

हात सैल झाला.

डॉक्टर धावत आले, छातीवर दाबलं, सुया दिल्या. वीस मिनिटं खटपट केली. मी कोपऱ्यात उभा. त्यांना कसं सांगणार, की आता आत काही नाहीये?

सगळं आटोपल्यावर मी म्हाताऱ्याला फोन केला. म्हटलं, पूर्ण झालं उत्तर. सातही. ते रडले. म्हणाले, "मग सुटला असेल हो तो. एकदाचा सुटला असेल." मलाही तसंच वाटलं. म्हटलं, एवढं तरी. माझा भाऊ गेला, पण एवढं तरी झालं.

चार दिवसांनी वहिनीने फोन केला. "भावजी, तुमची गाडी इथेच पडलीय. घेऊन जाता का? मला ती बघवत नाही."

त्या शुक्रवारच्या रात्री फुग्याने ती त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली होती. नंतर कुणी हात लावला नव्हता. दवाखान्यात त्याला रुग्णवाहिकेतून नेलेलं. मी गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. वहिनीने खिडकीतूनच किल्ली दिली. शेडमध्ये गार होतं. काचा चारही वर. टपावर दहा दिवसांची धूळ.

मी मागून आलो, म्हणून मागची काच आधी दिसली. डावीकडची. तिच्यावर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल त्या उंचीवर, वाफेचा एक गोल होता. छोटा. रुपयाएवढा.

मी बोटाने पुसला. पुसला गेला नाही. आतून होता.

किल्ली माझ्या मुठीत होती. गाडी मी अजून उघडलीच नव्हती.

मी बघत उभा राहिलो. तो गोल कडेकडेने आकसत गेला... विरला. काच स्वच्छ झाली.

मग पुढच्या काचेवर एक उमटला. चालकाच्या बाजूच्या. फुग्याने बसून हाक मारली होती त्या जागेवर.